सॅम्पलसोबत त्याची हकिगतही द्या

कोअर लॅबमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठी सामायिक यंत्रं असलेल्या लॅबमध्ये, सॅम्पल द्यायला गेलं की एक फॉर्म भरावा लागतो. नाव, विभाग, गाईडची सही, सॅम्पल किती, कॉन्सन्ट्रेशन किती, ट्यूबवर काय लिहिलंय, आणि तळाशी एक मोठा रिकामा चौकोन: 'सॅम्पलविषयी इतर माहिती'. बहुतेक फॉर्मांवर त्या चौकोनात एक तिरकी रेघ मारलेली असते. माझं आता ठाम मत झालंय की अख्ख्या फॉर्मवर सगळ्यात कामाची जागा तीच आहे. कोअर लॅबची आपल्याला किती मदत होईल, हे आपण सॅम्पलची हकिगत किती खरी आणि किती पूर्ण सांगतो यावर ठरतं. तिथली यंत्रं कितीही भारी असोत, ट्यूबमधल्या पारदर्शक थेंबाकडे पाहून तो कुठून आला, कुणी काढला, किती वेळ बर्फाबाहेर राहिला, हे त्यांना कळायला मार्ग नाही.

मी वनस्पतींवर काम करते. पाणी तोडल्यावर पानांमधली कोणती जनुकं चालू होतात, कोणती बंद पडतात आणि पुन्हा पाणी दिल्यावर ती किती वेळात पूर्वपदावर येतात, हा माझा पीएचडीचा विषय. आमची लॅब लहान आहे. डीएनएच्या प्रती वाढवणारा (पीसीआरचा) थर्मल सायकलर, जेलची टाकी, गार सेंट्रिफ्यूज आणि मायनस ऐंशीचा फ्रीझर एवढंच आमचं स्वतःचं. प्रती वाढतानाच त्या मोजणारा रिअल टाइम पीसीआर (क्यूपीसीआर), बायोॲनालायझर, क्यूबिट, डीएनएची अक्षरं वाचणारा सँगर सीक्वेन्सर, एनजीएससाठी (लाखो तुकडे एकाच वेळी वाचण्यासाठी) सॅम्पलमधून तुकड्यांचा तयार संच, म्हणजे लायब्ररी, बनवणं आणि ती रन करणं, हे सगळं कोअर लॅबमध्ये चालतं. यातलं प्रत्येक यंत्र एकेका लॅबने घ्यायचं म्हटलं तर ते वर्षातला बराच काळ झाकून राहील, आणि देखभालीचा खर्च मात्र थांबणार नाही. शिवाय ही यंत्रं सतत चालती राहिलेलीच बरी. सीक्वेन्सरच्या केशनलिकांमधलं पॉलिमर वापराविना पडून राहिलं तर खराब होतं.

पण यंत्रांइतकीच, खरं तर कांकणभर जास्तच, मोलाची आहेत ती चालवणारी माणसं. आमच्या कोअरमधल्या वरिष्ठ मॅडमच्या हाताखालून पानं, मुळं, बुरशी, जिवाणू, कीटक, उंदराचं यकृत, कल्चरमधल्या पेशी, सगळ्यांचे सॅम्पल जातात. एखाद्या लॅबला क्वचित भेटणारी अडचण त्यांना वरचेवर भेटते. मात्र ती अडचण ओळखण्यासाठी समोरच्या सॅम्पलचं कुळ-मूळ त्यांना ठाऊक हवं. आरएनएचं, म्हणजे जनुकांवरून पेशीत बनणाऱ्या नकलांचं, उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण हे तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

आरएनए चांगला आहे की तुटलाय हे बघायला बायोॲनालायझर वापरतात. एक लहानशी चिप असते, तिच्या बारीक वाहिन्यांमध्ये जेल भरलेलं असतं आणि त्यातून आपला १ मायक्रोलिटर आरएनए विजेच्या ओढीने धावतो. लहान तुकडे आधी पोचतात, मोठे मागाहून, आणि स्क्रीनवर आलेख उमटत जातो. पेशीतल्या एकूण आरएनएपैकी ८० टक्क्यांहून जास्त भाग रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या पेशीतल्या यंत्राचा, असतो. आपल्याला हवा असलेला, जनुकाचा निरोप नेणारा मेसेंजर आरएनए जेमतेम काही टक्के, त्यामुळे तो आलेखात वेगळा दिसतच नाही. म्हणून रायबोसोमच्या आरएनएवरूनच सगळ्याचा अंदाज बांधायचा. दोन सुळके उंच, टोकदार आणि मधली जमीन सपाट असेल तर आरएनए शाबूत. सुळके बुटके होऊन डावीकडे ढिगारा जमला असेल तर तुटलेला. या आलेखावरून सॉफ्टवेअर १ ते १० मध्ये एक गुण देतं, त्याला आरआयएन म्हणतात. १० म्हणजे उत्तम.

माझ्या पानांच्या पहिल्या चिपवर सगळ्या सॅम्पल्सचा आरआयएन मध्यम आला. आकडे पाहून माझा चेहरा उतरला. मॅडमनी आकड्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी आलेख मोठा केला आणि विचारलं, "अगं, ही पानं आहेत की मुळं?" मी म्हटलं, पानं. "मग हे जास्तीचे सुळके क्लोरोप्लास्टचे. आरएनए छान आहे तुझा."

त्याचं कारण असं. हिरव्या पानात पेशीद्रव्यातल्या रायबोसोमचे १८एस आणि २५एस हे दोन सुळके असतातच (हे आकडे रेणूच्या आकाराची खूण), शिवाय क्लोरोप्लास्टचे, म्हणजे हरितलवकांचे, स्वतःचे रायबोसोम असतात आणि त्यांचे १६एस आणि २३एस. त्यातला २३एस तर पेशीत नैसर्गिकरीत्याच तुकड्यांमध्ये असतो. आरआयएन काढण्याची पद्धत २००६ मध्ये प्रसिद्ध झाली ती सस्तन प्राण्यांच्या ऊतकांमधल्या आरएनएवर शिकवून तयार केलेली होती. तिच्या लेखी दोन मोठ्या सुळक्यांखेरीज मध्ये जे काही दिसेल ते मोडतोडीचं लक्षण. पानाचा निरोगी आरएनएही मग तिला आजारी वाटतो. सॉफ्टवेअरमध्ये वनस्पतींसाठी वेगळी निवड आहे, पण ती निवडायला सॅम्पल वनस्पतीचं आहे हे चालवणाऱ्याला माहीत असायला हवं. 'टोटल आरएनए' एवढंच लिहिलेल्या ट्यूबवरून ते कळत नाही. आणि मुळं असती तर? मुळांमध्ये क्लोरोप्लास्ट जवळपास नसतातच. तेव्हा तसेच जास्तीचे सुळके दिसले असते तर त्याच मॅडमनी सॅम्पल परत पाठवलं असतं.

कीटकांची गोष्ट याहून नवलाची आहे. शेजारच्या लॅबमधला एक मुलगा भुंगेऱ्यांवर काम करतो. त्याच्या आलेखात प्राण्यांमधला मोठा, २८एसचा सुळका गायबच होता, १८एसच्या जागी एकच भलामोठा सुळका. कुणालाही वाटेल की आरएनएची वाट लागली. पण बहुतेक कीटकांच्या २८एस आरएनएच्या मध्यावर एक छुपा छेद असतो. दोन्ही अर्धी हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात आणि रायबोसोम म्हणून व्यवस्थित काम करतात. चिपवर घालण्याआधी आपण आरएनए तापवतो तेव्हा ते बंध सुटतात, दोन्ही अर्धी वेगळी होतात, आणि त्यांची लांबी नेमकी १८एसच्या आसपास असल्यामुळे तिन्ही एकाच जागी येऊन पोचतात. मॅडमनी तोच आरएनए न तापवता पुन्हा चालवला आणि २८एस आपल्या जागी उभा राहिला. त्या मुलाने फॉर्मवर कीटकाचं नाव, ऊतक आणि 'आरएनए काढताना तापवलेला नाही' एवढं लिहिलं होतं. तेवढ्या ओळीवर त्याचा महिनाभराचा संग्रह वाचला.

म्हणून मी आता त्या चौकोनात काय काय लिहिते ते सांगते. कोणतं झाड, कोणता अवयव, कोवळं पान की जून. तोडल्या तोडल्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकलं की आधी थोडा वेळ गेला. आरएनए कोणत्या पद्धतीने काढला: ट्रायझॉलने, कॉलमवर की सीटॅबने. डीएनए मोडणारं डीएनएज दिलंय का. कशात विरघळवलाय, पाण्यात की बफरमध्ये. कितीदा गोठवून वितळवलाय. आणि पुढे त्याचं काय करायचंय. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लोक हमखास गाळतात, आणि मॅडम ते हमखास विचारतात. क्यूपीसीआरमध्ये लहानसा तुकडा वाढवायचा असेल तर जरा तुटलेला आरएनएही निभावतो. टोकाशी असलेल्या 'ए' अक्षरांच्या, म्हणजे पॉली-ए, शेपटीला धरून मेसेंजर आरएनए वेचायचा असेल तर तोच आरएनए चालत नाही, कारण तुटलेल्या रेणूचा फक्त शेपटीकडचा भाग हाती येतो आणि बाकीचं जनुक वाहून जातं.

नॅनोड्रॉप या कॉन्सन्ट्रेशन मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्यांबद्दलही असंच. आकडा लिहिताना तो कोणत्या यंत्राने दिला हे लिहायला हवं. नॅनोड्रॉप २६० नॅनोमीटरवर किती प्रकाश शोषला गेला हे मोजतो. तिथे डीएनए शोषतो, आरएनए शोषतो, सुटे न्यूक्लिओटाइडही शोषतात. या सगळ्यांची बेरीज तो आपल्याला एका आकड्यात देतो. क्यूबिटचं रसायन वेगळं आहे. त्याच्या डीएनए किटमधला रंग दुपदरी डीएनएला चिकटला तरच चमकतो. एकाच ट्यूबला नॅनोड्रॉप २०० म्हणतो आणि क्यूबिट ६० म्हणतो, तेव्हा दोन्ही खरं बोलत असतात. मधला फरक हा बहुधा डीएनएसोबत आलेला आरएनए असतो. एनजीएसची लायब्ररी बनवताना २०० वर विसंबलं तर एन्झाइमला ठरल्यापेक्षा फार कमी डीएनए मिळेल. शुद्धतेची खूण म्हणून २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या शोषणाचं (२६०/२८०) गुणोत्तर डीएनएसाठी १.८ आणि आरएनएसाठी २.० च्या आसपास हवं हे सगळे पाठ म्हणतात. २६०/२३० कडे मात्र दुर्लक्ष होतं. वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी आधी तेच पाहावं. ते २.० ते २.२ असायला हवं. ग्वानिडीन, फिनॉल, पानांमधली पॉलिसॅकराइड आणि पॉलिफिनॉल २३० च्या आसपास शोषतात आणि हे गुणोत्तर खाली खेचतात. यातल्या बऱ्याच गोष्टी पुढे एन्झाइमला काम करू देत नाहीत. आमच्या झाडाच्या पानात चिकट द्रव फार असतो. तो काढायला सीटॅबच्या बफरमध्ये पीव्हीपी घालायचं आणि लिथियम क्लोराइडने आरएनए खाली बसवायचा, हे मॅडमनीच सुचवलं. ते त्यांना अशाच चिकट पानांच्या दुसऱ्या एका लॅबकडून कळलं होतं. त्या लॅबने आपली पद्धत त्यांना मोकळेपणाने सांगितली, म्हणून ती माझ्यापर्यंत आली. सामायिक लॅबमधलं ज्ञान असं फिरतं.

सँगर सीक्वेन्सिंगला सॅम्पल देणं सोपं वाटतं: एका ट्यूबमध्ये डीएनए, दुसऱ्या ट्यूबमध्ये प्रायमर (वाचन जिथून सुरू होतं तिथे चिकटणारा लहान तुकडा), संपलं. फ्रेडरिक सँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९७७ मध्ये मांडली आणि आजही एखाद्या प्लास्मिडमध्ये (जिवाणूतल्या डीएनएच्या लहान कड्यात) आपला तुकडा बरोबर बसलाय का हे बघायला तिच्याइतकी भरवशाची पद्धत नाही. साखळी वाढत असताना मध्येच डायडीऑक्सी न्यूक्लिओटाइड लागला की तिथे ती थांबते. अशा वेगवेगळ्या लांबीच्या तुकड्यांच्या शेवटच्या अक्षरांचे रंग केशनलिकेतून वाचत जायचं. सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरं धड वाचता येत नाहीत. पुढे सातशे-आठशेपर्यंत छान, मग सुळके पसरून एकमेकांत मिसळायला लागतात. म्हणून आपल्याला हव्या असलेल्या जागेच्या किमान पन्नासेक अक्षरं आधी प्रायमर ठेवायचा. डीएनए टीई बफरमध्ये देऊ नये, कारण त्यातलं ईडीटीए मॅग्नेशियम बांधून ठेवतं आणि मॅग्नेशियमविना साखळी वाढवणारं पॉलिमरेज हलत नाही. पीसीआरचा तुकडा द्यायचा तर उरलेले प्रायमर काढून टाकायला हवेत, नाहीतर दोन्ही बाजूंनी वाचन सुरू होतं.

एवढं सूचनापत्रकात असतं. पत्रकात नसतं ते आलेख वाचणं. समजा, वाचन पहिल्या दोनशे अक्षरांपर्यंत स्वच्छ आहे आणि तिथून पुढे प्रत्येक जागी दोन-दोन सुळके एकावर एक आलेत. प्लास्मिड असेल तर बहुधा जिवाणूंच्या दोन वसाहती मिसळल्या, प्लेटवर पुन्हा रेघा ओढून एकेक वसाहत वेगळी करा. पण तोच आलेख रानातून आणलेल्या झाडाच्या जनुकाचा असेल तर तो एखादा शोध असू शकतो. झाडाला आई आणि बाप यांच्याकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकीत दोन-चार अक्षरं कमी असली तर त्या जागेपर्यंत दोन्ही प्रती एकसारख्या वाचल्या जातात आणि तिथून पुढे एक प्रत सरकलेली राहते. आलेख तोच, अर्थ दोन. कोणता अर्थ घ्यायचा हे ट्यूबमध्ये काय आहे यावरून ठरतं, आणि ते फक्त सॅम्पल देणाऱ्यालाच माहीत असतं. वाचन एखाद्या जागी अचानक बुडालं तर तिथे जी आणि सी ही अक्षरं भरपूर आहेत का, डीएनए स्वतःवरच दुमडतोय का, हे मॅडम विचारतात. आपण अपेक्षित सीक्वेन्स आधीच जोडला असेल तर त्या तो बघून डीएमएसओ घालून किंवा उलट बाजूच्या प्रायमरने पुन्हा रन लावतात. लोक अपेक्षित सीक्वेन्स द्यायला कचरतात, आपली कल्पना बाहेर फुटेल म्हणून. कोअरमधली माणसं गोपनीयता पाळतात. निदान त्या भागापुरता सीक्वेन्स देण्यात काहीच हरकत नसावी.

आता एक गोष्ट, जी सामायिक जागेत काम करणाऱ्या प्रत्येकाने मनावर घ्यायला हवी असं मला फार वाटतं. पीसीआरमध्ये एका रेणूपासून ३० आवर्तनांत, तत्त्वतः, १०० कोटींहून जास्त प्रती होतात. ती ट्यूब उघडली की डोळ्यांना न दिसणारे थेंब हवेत जातात आणि त्या प्रत्येक थेंबात पुढच्या कुणाच्या तरी प्रयोगाला चकवायला पुरेसे रेणू असतात. म्हणून पीसीआरचं मिश्रण, म्हणजे मास्टर मिक्स, बनवायची खोली आणि पीसीआर झालेल्या प्लेटची खोली वेगळी असते आणि माणसाने एकाच दिशेने जायचं असतं. झालेली प्लेट घेऊन उलट्या पावली पहिल्या खोलीत यायचं नाही. वापरलेले हातमोजे घालूनही नाही. आपल्या स्वतःच्या लॅबमध्ये हा नियम मोडला तर नुकसान आपलं. इथे मोडला तर ते सगळ्यांचं.

आणि काही बिघडलं तर लगेच सांगायचं. एकदा एका मुलीच्या लक्षात आलं की तिच्या प्लेटचं सील कोपऱ्यात उचललं गेलंय आणि त्या विहिरींमधलं द्रव रन चालू असताना उडून गेलंय. तिने तसंच जाऊन सांगितलं. कोअरच्या लोकांनी त्या दिवसाच्या पुढच्या रन थांबवल्या, ब्लॉक पुसला, नुसत्या पाण्याची एक प्लेट चालवून काही वर येत नाही याची खात्री केली आणि मगच यंत्र मोकळं केलं. कुणीही तिला बोल लावला नाही. रांगेत पुढे माझी प्लेट होती आणि मला तिचे फार आभार मानावेसे वाटले. आपल्या एनटीसीमध्ये, म्हणजे टेम्प्लेट न घातलेल्या विहिरीत, ३४-३५ व्या आवर्तनाला काही उगवलं तरी ते कळवावं. आपल्याला ते किरकोळ वाटेल. पण तीच खूण दुसऱ्या दोन लॅबच्या प्लेटवरही दिसत असेल, तर पाण्याच्या किंवा अभिकर्मकाच्या बाटलीत काहीतरी शिरलंय हे ओळखता येतं. तिन्ही तुकडे जोडून पाहू शकेल असं माणूस फक्त कोअरमध्ये बसलेलं असतं.

आतापर्यंत जे सांगितलं ते सॅम्पल हातात आल्यानंतरचं. माझ्या मते खरी हकिगत त्याच्याही आधी सुरू व्हायला हवी. आरएनए-सीक, म्हणजे पेशीतल्या आरएनएचं वाचन, करायचं ठरलं तेव्हा सरांनी मला आधी कोअरमध्ये बैठकीची वेळ घ्यायला सांगितलं. एकही रोप त्या प्रयोगासाठी लावलेलं नव्हतं. समोर मॅडम होत्या आणि डेटाचं विश्लेषण करणारे एक जण. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पानं किती वाजता तोडणार हा. वनस्पतींच्या जनुकांना दिवसाचं घड्याळ असतं. ॲराबिडॉप्सिस या संशोधनात नेहमी वापरल्या जाणाऱ्या रोपामध्ये सुमारे एक तृतीयांश जनुकांचं काम दिवसाच्या प्रहरानुसार कमी-जास्त होतं. पाणी दिलेली झाडं सकाळी तोडली आणि ताण दिलेली दुपारी, तर जो फरक दिसेल तो पाण्याचा की उन्हाचा, हे कधीच सांगता येणार नाही. मग आरएनए एका दिवसात किती सॅम्पल्सचा काढता येतो, कोण काढणार? माझ्या हातून दिवसाला आठच होतात. तर त्या आठांमध्ये चार ताणाची आणि चार बिनताणाची हवीत. सगळी बिनताणाची सोमवारी आणि सगळी ताणाची मंगळवारी काढली, तर सोमवार-मंगळवारातला फरक आणि पाण्याचा फरक एकमेकांत असे गुंततात की कुठल्याही संख्याशास्त्राला ते सोडवता येत नाहीत. हे प्रयोगाआधी कळलं तर वहीत एक तक्ता बदलावा लागतो. नंतर कळलं तर पूर्ण हंगाम जातो.

त्या बैठकीत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला प्रश्न मात्र वेगळाच होता: "तुला क्लोरोप्लास्टमधल्या जनुकांचंही बघायचंय का?" मला बघायचं होतं. ताणाचा पहिला तडाखा प्रकाशसंश्लेषणालाच बसतो. तर मग पॉली-ए शेपटीला धरून आरएनए वेचण्याची नेहमीची पद्धत चालणार नव्हती. पेशीच्या केंद्रकातून येणाऱ्या मेसेंजर आरएनएला ती शेपटी टिकाऊपणासाठी असते. क्लोरोप्लास्टमध्ये उलट आहे, तिथे शेपटी लागली की तो आरएनए मोडीत काढला जातो. म्हणजे शेपटीवरून वेचलं असतं तर माझ्या प्रश्नाचा अर्धा भाग लायब्ररी बनतानाच धुतला गेला असता, आणि डेटा दिसायला अगदी नीटनेटका आला असता. आम्ही रायबोसोमचा आरएनए काढून टाकण्याची पद्धत निवडली, वनस्पतींसाठीची, ज्यात क्लोरोप्लास्टचा रायबोसोमल आरएनएही निघतो. पैसे आणि रीड्स (वाचलेले तुकडे) दोन्ही जास्त लागतात. ते भरून काढायला काय कमी करायचं यावरही बोलणं झालं. झाडांची संख्या कमी करायची नाही, यावर दोघंही अडून बसले, आणि ते योग्यच होतं. एकाच झाडाचा आरएनए तीनदा वाचला तर त्या एका झाडाबद्दल आपली खात्री वाढते, झाडांबद्दल नाही. त्यापेक्षा पुन्हा पाणी दिल्यानंतरची एक वेळ वगळली.

रन लागायला वाट पाहावी लागते, त्यावरून लोक कुरकुरतात. मोठ्या सीक्वेन्सरचा फ्लो सेल, म्हणजे ज्यावर तुकडे वाचले जातात ती पट्टी, एकदा घातला की तो भरलेला असो वा अर्धा, खर्च तेवढाच. म्हणून इतर लॅबची सॅम्पल्स जमेपर्यंत थांबतात. मला हे थांबणं पटतं. प्रत्येक सॅम्पलला वेगळी बारकोडची अक्षरं जोडलेली असतात, त्यामुळे अनेकांची सॅम्पल्स एकत्र वाचून नंतर वेगळी करता येतात. त्यांच्यासोबत बऱ्याचदा फायएक्स नावाच्या विषाणूचा थोडा डीएनए कंट्रोल म्हणून घालतात. ५,३८६ अक्षरांचा हा छोटासा जीनोम १९७७ मध्ये सँगरच्याच गटाने वाचला होता, आणि डीएनएचा पूर्ण वाचलेला तो पहिला जीनोम. रनच्या अहवालात त्याची ओळ दिसली की मला दर वेळी आनंद होतो.

रन फसली तरी पैसे भरावे लागतात, हाही एक नेहमीचा तक्रारीचा मुद्दा. यंत्राचा किंवा कोअरचा दोष असेल तर ते पुन्हा करून देतात. सॅम्पलचा दोष असेल तर अभिकर्मक तर खर्ची पडलेलेच असतात, ते कुणीतरी भरायला हवेत. म्हणूनच क्वालिटी चेकमध्ये ते "हे सॅम्पल पुढे नेऊ नका" म्हणतात तेव्हा ऐकावं. "काहीही होवो, लावाच" असं लिहून देणारे लोक मी पाहिलेत. वेळेची निकड मी समजू शकते, पण खराब लायब्ररीतून आलेले लाखो रीड्स नंतर फेकून देणं फार जड जातं. डेटा हातात असला की त्यातून काहीतरी काढावंसं वाटतंच.

फाइल्स आल्या की त्या लगेच उतरवून घ्याव्यात, एमडी५ (फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारा अंक) जुळवून पाहावा आणि दोन जागी ठेवाव्यात. कोअर लॅब त्या ठराविक मुदतीनंतर पुसून टाकतात. पुढे पेपर पाठवताना एसआरए किंवा जीईओ या सार्वजनिक साठ्यांमध्ये कच्चा डेटा जमा करावा लागतो, आणि तिथला तक्ता पुन्हा तेच सगळं विचारतो: कोणतं झाड, कोणता अवयव, वय, किती वाजता, आरएनए कसा काढला, लायब्ररी कोणत्या पद्धतीची. ज्यांनी सुरुवातीलाच लिहून ठेवलंय त्यांचं हे काम एका दुपारी होतं. ज्यांनी ठेवलेलं नाही त्यांचा तक्ता अर्धवट राहतो, आणि मग तो डेटा जगात असूनही दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडत नाही. मी स्वतः दुसऱ्यांचा डेटा वापरते. 'लीफ, कंट्रोल, रेप्लिकेट १' एवढंच लिहिलेल्या फाइल्स मी किती वेळा हताश होऊन बंद केल्यात.

श्रेयाबद्दलही बोलायला हवं. पेपरमध्ये कोअर लॅबचे नावानिशी आभार मानणं ही किमान गोष्ट आहे. त्यांना पुढचं यंत्र मिळतं ते त्यांच्या मदतीने किती काम झालं हे दाखवूनच, आणि ते दाखवायला पेपरमधली ओळ लागते. पण आभारांवर थांबणं प्रत्येक वेळी पुरेसं नसतं. सॅम्पल घेतलं, रन लावली, फाइल दिली, हे सेवेचं काम झालं, त्याला आभार ठीक. ज्या माणसाने प्रयोगाची आखणी बदलली, पद्धत निवडली, आलेखाचा अर्थ लावला, त्याचं नाव लेखकांमध्ये असायला हवं, आपण फी भरलेली असली तरीही. फी अभिकर्मकांची आणि यंत्राच्या वेळेची असते. हे बोलणं शेवटी मसुदा तयार झाल्यावर काढलं तर अवघड होतं, म्हणून ते पहिल्या बैठकीतच करावं. मी सरांजवळ विषय काढला तेव्हा ते क्षणभरही थांबले नाहीत. क्लोरोप्लास्टच्या प्रश्नावरच आमच्या निष्कर्षांचा दुसरा भाग उभा आहे. आता मसुदा सगळ्यांकडे वाचायला गेलाय, लेखकांच्या यादीत मॅडमचं नाव आहे, आणि पद्धतींच्या भागात त्यांनी लाल शाईने तीन ठिकाणी 'ऊतक लिही, वेळ लिही' असं लिहून पाठवलंय.